मोसंबीच्या सालीवर पिकवलेलं पेक्टिनेज

फळांतलं पेक्टिन तोडणारं पेक्टिनेज हे एन्झाइम बनवायचं ठरलं आणि मॅडमनी पहिला प्रश्न पाण्याचा विचारला. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता आणि विषय मी स्वतः निवडला होता. मोसंबीच्या सालीवर बुरशी वाढवायची आणि फळांच्या रसासाठी लागणारं एन्झाइम तिच्याकडून काढून घ्यायचं. "टाकीत वाढवणार का कोंड्यावर?" मॅडम म्हणाल्या. "टाकीत वाढवणार असशील तर पाणी किती लागेल आणि वापरलेलं पाणी सोडणार कुठं, ते आधी लिहून आण."

जगातली बरीचशी औद्योगिक एन्झाइमं स्टीलच्या मोठ्या टाक्यांत, द्रवात जिवाणू किंवा बुरशी वाढवून तयार होतात. तापमान, आम्लता, हवा सगळं हातात राहतं, म्हणून कारखान्यांना ती पद्धत सोयीची. पण एन्झाइम त्या द्रवात विरळ पसरलेलं असतं. ते गोळा करताना भरपूर पाणी हाताळावं लागतं आणि मागं उरलेल्या सांडपाण्याचीही सोय लावावी लागते. दुसरी पद्धत जुनी आहे. ओलसर कोंड्यावर बुरशी वाढू द्यायची, मोकळं पाणी जवळजवळ नाहीच. जोकिची ताकामिने या जपानी रसायनतज्ज्ञानं गव्हाच्या कोंड्यावर अस्परजिलस ओरायझी ही बुरशी वाढवून डायस्टेस हे स्टार्च तोडणारं एन्झाइम काढलं आणि १८९४ साली अमेरिकेत त्याचं पेटंट घेतलं, ते याच पद्धतीनं.

माझं गाव घनसावंगी तालुक्यातलं. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. ज्यांना जमलं त्यांनी टँकरनं पाणी घालून झाडं जगवली, बाकीच्यांनी तोडून सरपण केलं. त्या जिल्ह्यातल्या फळावर काम करायचं आणि पाण्याचा हिशोब नंतर बघू म्हणायचं, हे मला पटणारं नव्हतं. मी कोंडा निवडला, आणि आजही मला वाटतं की मराठवाड्यात कुणी लहान प्रमाणावर अन्नउद्योगाची एन्झाइमं बनवायला निघालं तर त्यानं आधी कोंड्याच्या पद्धतीचा विचार करावा. तिच्या अडचणीही मोठ्या आहेत. त्या पुढं येतीलच.

पेक्टिन म्हणजे फळाच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणारा चिकट पदार्थ. गॅलॅक्टुरॉनिक आम्लाची ती लांबच लांब साखळी. फळ पिकतं तेव्हा फळातलीच एन्झाइमं ही साखळी थोडीथोडी तोडतात, म्हणून ते मऊ पडतं. फळ सडतं तेव्हा हेच काम बुरशी जोरात करते. रसाच्या कारखान्यात पेक्टिन आडवं येतं. गर घट्ट राहतो, कापडातून रस उतरत नाही, उतरला तर गढूळ. पेक्टिनेज घातलं की साखळ्या तुटतात, घट्टपणा जातो आणि त्याच फळातून जास्त रस निघतो. सफरचंद, द्राक्ष, पेरू, केळी, आंब्याचा गर, सगळीकडे ते चालतं. मोसंबीच्या रसाला मात्र गढूळपणाच हवा असतो. तो निवळला तर गिऱ्हाईक नाक मुरडतं. म्हणून मोसंबी माझ्यासाठी कच्चा माल होती. एन्झाइम चालवायचं होतं दुसऱ्याच फळावर.

बुरशी शोधायला मी घरच्या बागेतच गेले. आंबे बहाराच्या फळांची गळ चालू होती. मोसंबीची फळगळ हे आमच्याकडचं कायमचं दुखणं. उन्हाचा ताण, रस शोषणारे पतंग, बुरशीजन्य रोग, कारणं एकात एक गुंतलेली. झाडाखाली कुजलेल्या फळांजवळची माती निर्जंतुक बाटल्यांत भरत होते तर अण्णा बांधावरून बघत होते. "आम्ही बुरशीला औषध मारून मारून दमलो, अन् तू तिला पोसायलीस?" मी त्यांना समजावलं की ही बुरशी साल सडवते ते पेक्टिन तोडूनच. तिचं ते हत्यार आपल्याला काढून घ्यायचंय. त्यांना ते लगेच पटलं. मग ज्या कोपऱ्यात फळं सगळ्यात लवकर मऊ होतात, तिथली मातीही त्यांनी स्वतः दाखवली.

कुजलेल्या मोसंबीवर हिरवी-निळी दिसते ती बहुतेक पेनिसिलियम. तीही पेक्टिन तोडते, पण मला काळी हवी होती. अस्परजिलस नायजर, कांद्याच्या वरच्या पापुद्र्याखाली काळी काजळी दिसते तीच. अन्नउद्योगाला ही जुनी ओळखीची आहे. जगातलं सायट्रिक ॲसिड मुख्यतः हीच बनवते. माती पाण्यात कालवून पायरीपायरीनं पातळ केली आणि आगाराच्या, म्हणजे जेलीसारख्या माध्यमाच्या, प्लेटवर पसरली. जिवाणूंनी जागा अडवू नये म्हणून माध्यमात क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक होतं. ज्या काळ्या वसाहती आल्या त्या दुसऱ्या प्लेटवर नेल्या, जिथं खायला फक्त पेक्टिन होतं. वाढ झाल्यावर त्यावर आयोडीनचं द्रावण ओतलं. जिथं पेक्टिन शिल्लक तिथं रंग धरतो, जिथं ते तुटलं तिथं वसाहतीभोवती फिकं कडं उमटतं. एका वसाहतीचं कडं इतरांपेक्षा ठळक रुंद होतं. पुढचं सगळं काम तिच्यावर केलं. तुलनेसाठी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहातून मागवलेली नायजर सोबत ठेवली. बागेतली बुरशी नक्की कोणती, हे ठरवायला ती पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवली, कारण काळ्या अस्परजिलसांचं अख्खं कुटुंब आहे आणि नुसत्या डोळ्यांनी, सूक्ष्मदर्शकाखाली धरूनसुद्धा, त्यातल्या भावंडांत फरक करता येत नाही.

साल जमवणं सोपं होतं. छत्रपती संभाजीनगरात ज्यूसच्या गाड्या जागोजागी, आणि दुपारी तीनपर्यंत प्रत्येकाकडे सालीचा ढीग. अवघड होतं ते साल तयार करणं. सालीत लिमोनिन नावाचं कडू द्रव्य आणि लिमोनीन नावाचं सुवासिक तेल अशी दोन वेगळी द्रव्यं असतात, नावं ऐकून गोंधळ होतो. त्यातलं तेल बुरशीची वाढ रोखतं. दुसरी गोष्ट म्हणजे सालीला चिकटलेली साखर. बुरशीला साधी साखर मिळत असेल तर ती आधी तीच खाते, आणि साखर संपेपर्यंत पेक्टिनेज बनवायच्या फंदात पडत नाही. म्हणून साल गरम पाण्यातून काढली, निथळली आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवली. ऊन हे आमच्याकडचं सगळ्यात स्वस्त यंत्र. तेल उडून गेलं की सालीचा वास बदलतो, ते नाकालाच कळतं. मग ती मिक्सरमधून भरड काढली. पीठ करायचं नाही. बारीक दाणे एकमेकांना चिकटून बसतात आणि मधली हवा कोंडते. कोंडाही पेंडीच्या दुकानातून आणून चाळून घेतला, बारीक भाग काढून टाकला.

कोंडा आणि सालीची भरड एकत्र करून त्यावर क्षारांचं द्रावण शिंपडलं. अमोनियम सल्फेट, पोटॅशियमचा फॉस्फेट, थोडं मॅग्नेशियम सल्फेट, आम्लता (पीएच) ५ च्या आसपास. ओल साठ-पासष्ट टक्के लागते. ती यंत्रावर मोजता येते, पण आमच्या प्रयोगशाळेतले मामा, ज्यांनी आजवर किती विद्यार्थ्यांची माध्यमं शिजवली असतील कोण जाणे, मुठीत दाबून सांगायचे. दाबलं की गोळा व्हावा, बोटांतून थेंब सुटू नये. मी दर वेळी यंत्रानं तपासलं आणि मामांची मूठ दर वेळी त्या आकड्याच्या अगदी जवळ निघाली. मग ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करणारं भांडं, १२१ अंश, १५ पौंड दाब. द्रव माध्यमाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. कोंड्याच्या थरात उष्णता हळू शिरते, त्याला जास्त वेळ द्यावा लागतो. नाहीतर बॅसिलस जिवाणूंचे बीजाणू आत जिवंत राहतात आणि चौथ्या दिवशी ट्रे उघडला की आंबूस किंवा अमोनियाचा वास येतो. चांगल्या ट्रेला ओल्या मातीचा, अळंबीचा वास असतो.

बुरशीचे बीजाणू ट्वीन-८० या साबणासारख्या पदार्थाच्या अगदी पातळ द्रावणात सोडवून घेतले, कारण ते पाण्यात भिजत नाहीत, वरवर तरंगतात. मोजणीच्या काचेवर मोजून दर मिलिलिटरला दहा लाखांच्या आसपास ठेवले. हे काम मास्क लावून आणि बंदिस्त कॅबिनेटमध्येच करायचं. अस्परजिलसचे बीजाणू श्वासातून सतत आत गेले तर ॲलर्जी आणि फुप्फुसाचे त्रास होतात.

बीजाणू कोंड्यात मिसळल्यावर पहिल्या दिवशी ट्रेमध्ये काहीच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी पांढरे तंतू कोंड्याला बांधायला लागतात, आणि खरी परीक्षा तिथून. वाढणारी बुरशी उष्णता सोडते आणि कोंडा ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. इनक्युबेटर, म्हणजे ठरावीक तापमान राखणारी पेटी, ३० अंश दाखवतो, थराच्या मधोमध थर्मामीटर खुपसला तर ४० च्या वर. तेवढ्या उष्णतेत वाढ मंदावते, ओल उडते आणि तयार झालेलं एन्झाइमही बिघडायला लागतं. टाकीत ही अडचण नसते, भिंतीभोवती गार पाणी फिरवलं की झालं. कोंड्यात तीनच उपाय हाती असतात. थर पातळ ठेवायचा, दोन-तीन सेंटिमीटर. बांधलेला थर एकदा निर्जंतुक चमच्यानं मोडून मोकळा करायचा. आणि भोवतालची हवा गार पण दमट ठेवायची, कारण कोरडी गार हवा कोंडा सुकवून टाकते.

मार्च संपत आला तसं हे अवघड होत गेलं. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, दुपारी लाईट गेली की इनक्युबेटरच्या आतलं तापमान वर सरकायला लागायचं. मी ट्रे वहीत मांडलेल्या वेळापत्रकाप्रमाणे उघडत होते आणि प्रत्येक ट्रेच्या मध्याचं तापमान लिहीत होते. तेच आकडे पुढं सगळ्यात कामाला आले. ज्या ट्रेंचा मध्य गार राहिला, त्यांचं एन्झाइम सगळ्यात जोरकस निघालं. साल किती, कोंडा किती, क्षार किती यांच्या फेरफारानं फरक पडला, पण उष्णतेइतका नाही.

चौथ्या दिवसाच्या सुमाराला पांढऱ्यावर काळे ठिपके यायला लागतात. तिथंच थांबायचं. पूर्ण काळं होऊ दिलं तर बीजाणूंची धूळ अर्कात उतरते, गाळताना त्रास देते आणि रंगही खराब करते. ट्रेमध्ये ॲसिटेट बफर, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, घालून हलवलं, मलमलीतून पिळलं, मग थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं. हातात आला कोऱ्या चहासारखा दिसणारा अर्क. पाणी वाचवायचं म्हणून पहिल्या ट्रेचा अर्क दुसऱ्या ट्रेवर ओतायचा, दुसऱ्याचा तिसऱ्यावर, असंही करून बघितलं. अर्क दाट होत जातो आणि बफर कमी लागतो. कारखान्यांतही हे तत्त्व वापरतात.

आता मोजणी. इथं मॅडमनी मला सगळ्यात जास्त वेळ थांबवलं, आणि माझ्या मते पूर्ण प्रक्रियेचा कणा हाच आहे. पेक्टिनच्या द्रावणात अर्क घालून ५० अंशांवर ठेवायचा. साखळी तुटली की प्रत्येक तुटलेल्या टोकाला क्षपण करणारा गट मोकळा होतो. डीएनएस नावाचं पिवळं द्रावण घालून उकळलं की ते त्या गटांशी क्रिया करून तांबूस होतं, आणि ५४० नॅनोमीटरवर हा रंग मोजला की किती टोकं तुटली ते कळतं. मिनिटाला एक मायक्रोमोल गॅलॅक्टुरॉनिक आम्ल मोकळं करेल तेवढं एन्झाइम म्हणजे एक युनिट. जीएल मिलर यांनी १९५९ साली मांडलेली ही रीत आजही कॉलेजच्या प्रयोगशाळांत पहिली शिकवतात.

अडचण अशी की डीएनएस कुठल्याही क्षपण करणाऱ्या साखरेशी तांबूस होतं. माझ्या अर्कात मोसंबीची आणि कोंड्याची साखर आधीच होती. "एन्झाइमनं सोडलेली किती आणि सालीतून आलेली किती, ते वेगळं करून दाखव, मगच पुढं जा," मॅडमनी सांगितलं. त्यासाठी प्रत्येक नमुन्याला जोड नळी ठेवायची. तिच्यात डीएनएस आधी आणि अर्क नंतर, म्हणजे एन्झाइमला काम करायला संधीच नाही. तिथं जो रंग येतो तो नुसत्या साखरेचा, तो वजा करायचा. शिवाय अर्क दहा मिनिटं उकळून तीच चाचणी. एन्झाइम प्रथिन असतं, उकळलं की मरतं. उकळलेला अर्क पेक्टिन तोडत नसेल तरच ते काम एन्झाइमचं. सालीचं प्रमाण जास्त असलेल्या ट्रेंमधून वरवर सुंदर लाल नळ्या यायच्या आणि जोड नळी वजा केली की त्यातला मोठा भाग साखरेचा निघायचा. फळांच्या टाकाऊ भागावर एन्झाइम काढल्याचे दावे वाचताना मी आता आधी हे बघते की ही वजाबाकी केलीय का. ती नसेल तर आकडा कितीही मोठा असो, माझा त्यावर भरवसा बसत नाही.

पुढं अर्क बर्फात ठेवून अमोनियम सल्फेट चिमूट चिमूट विरघळवत नेलं. क्षार पाणी ओढून घेतो आणि प्रथिनं खाली बसतात. घाई करायची नाही, फेस येऊ द्यायचा नाही, फेसात प्रथिन उलगडून निकामी होतं. साका डायलिसिसच्या पिशवीत भरून थंड बफरमध्ये रात्रभर ठेवला. बारीक छिद्रांतून क्षार आणि साखर बाहेर गेली, एन्झाइम आत राहिलं. त्यानंतर जोड नळ्या जवळजवळ पिवळ्याच राहिल्या, म्हणजे आधीची वजाबाकी बरोबर होती.

केळी आणली ती माझ्या वर्गमैत्रिणीनं, तिच्या अर्धापूरच्या शेतातून. पिकलेल्या केळ्याचा गर मलमलीत बांधून कितीही पिळला तरी रस सुटत नाही, नुसता लगदा कापडाला चिकटतो, म्हणूनच चाचणीला केळं चांगलं. गर आधी गरम करून घेतला, नाहीतर तो स्वतःच्याच एन्झाइमानं काळा पडतो. ४५ अंशांवर आणून दोन चंचुपात्रांत वाटला. एकात डायलिसिस केलेलं पेक्टिनेज, दुसऱ्यात तेवढंच उकळून मारलेलं. दोन तासांनी पहिल्यातला गर ढवळताना सैल लागत होता. मलमलीतून तो धारेनं उतरला, पिवळसर, पातळ. दुसऱ्यातून काही थेंब. मग रसात आम्लयुक्त अल्कोहोल घालून बघितलं. पेक्टिन शिल्लक असेल तर जेलीसारखे गोळे तरंगतात. उकळलेलं एन्झाइम घातलेल्या रसात ते दाट आले, पहिल्यात आलेच नाहीत. मामा, मैत्रीण, मी, तिघं ती परीक्षानळी उजेडाला धरून बघत होतो. माझ्या बागेतल्या मातीतली बुरशी हे करू शकते, याचा मला त्या क्षणी फार अभिमान वाटला.

बाजारातल्या तयार पेक्टिनेजनं तेच काम कितीतरी कमी मात्रेत केलं, तेही लिहिलं पाहिजे. त्यांच्या बुरशींवर पिढ्यान्‌पिढ्या निवड झालेली असते, आणि ते अर्क सूक्ष्म पडद्यांतून गाळून दाट करतात. माझं काम अजून प्रयोगशाळेतलं आहे.

अण्णा आले तेव्हा रसाची बाटली बघून म्हणाले, "पिऊन बघू का?" मी नाही म्हटलं आणि का नाही ते बसवून सांगितलं. काळ्या अस्परजिलसांतल्या काही वाणांत ऑक्राटॉक्सिन हे मूत्रपिंडाला घातक विष तयार होतं. बागेतून आणलेली बुरशी ते बनवत नाही हे तपासून सिद्ध झाल्याशिवाय तिचं एन्झाइम कुणाच्या पोटात जाता कामा नये. अन्नात वापरायच्या एन्झाइमसाठी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीचे निकष ठरलेले आहेत: शिसं किलोला ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, कोलिफॉर्म जिवाणू ग्रॅमला ३० पेक्षा जास्त नाहीत, २५ ग्रॅममध्ये साल्मोनेला आणि ई. कोलाय अजिबात नाहीत, प्रतिजैविक परिणाम नाही. आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची परवानगी त्यावर. चाचणीतला सगळा रस आणि उरलेला कोंडा पुन्हा ऑटोक्लेव्हमधून काढून मगच टाकला.

उन्हाळ्याच्या उष्णतेवर एक उपाय मामांनी सुचवला: ट्रेच्या खोलीला वाळ्याचा कूलर. आमच्याकडची एप्रिलची हवा इतकी कोरडी असते की कूलरमधून येणारी हवा बरीच गारही होते आणि दमटही, आणि कोंड्याला दोन्ही हवंच असतं. वीज एसीपेक्षा फार कमी. धोका वाळ्यात वाढणाऱ्या परक्या बुरशींचा आहे, त्यामुळे ट्रेवर निर्जंतुक कापडाचे थर आणि हवेला गाळणी लागणार, आणि कूलर किती पाणी पितो त्याचाही हिशोब ठेवावा लागणार. हे काम आता माझ्या मागच्या वर्गातला, वसमतचा एक मुलगा करतोय. माझी तापमानाची वही त्याच्याकडे आहे. बागेतली बुरशी आणि पुण्याची बुरशी दोन्ही तिरप्या आगारावर फ्रिजमध्ये ठेवल्यात, आणि विषाच्या तपासणीसाठी नमुना पाठवायची तयारी त्यानं सुरू केली आहे.